गाडीखालचा डाग

जगात जी काही गळती होते ती आधी शेजाऱ्याकडे होते, असं आमच्या वडिलांचं ठाम मत आहे. त्यामुळे पार्किंगमध्ये आमच्या गाडीखाली पहिल्यांदा तेलाचा डाग दिसला, तेव्हा बाबांनी तो उभ्याउभ्याच शेजारच्या स्कूटरच्या नावावर करून टाकला. स्कूटर डागापासून चांगली लांब होती. "उतार आहे, तेल वाहत आलं," ते म्हणाले. उतार नेमका उलट्या दिशेला होता, पण हे त्यांना सांगायची माझी टाप नव्हती.

नारायण पेठेतली आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथं नवी उभी राहिली. लिफ्ट आली, दारात कॅमेरा आला, आणि पार्किंगच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या गेल्या. आमच्या वाट्याला बेसमेंटच्या रॅम्पच्या तोंडाची जागा आली. तिथं गाडी लावली की तिचं नाक वर आणि बूड खाली, अशी ती कायम कुठंतरी निघाल्याच्या बेतात दिसते. चिठ्ठी बाबांनी स्वतःच्या हातानं उचलली होती, त्यामुळे तक्रार करायची सोय राहिली नाही. मग त्यांनी त्या जागेचं कौतुक करायला सुरुवात केली. बाहेर काढायला किती सोपी, म्हणे.

गाडी जुनी आहे. पंधरा वर्षं भरल्यावर बाबांनी तिचं पासिंग पुन्हा करून आणलं, आणि त्या दिवशी घरी पेढे आणले. माझ्या पदवीला बर्फी आणली होती, ती अर्धा किलो. पेढे एक किलो होते.

ही गाडी म्हणजे चैन नव्हती, हे मात्र आधी सांगितलं पाहिजे. आईचे गुडघे गेल्यापासून तिला रिक्षात चढता येत नाही, बस तर सोडाच. मला गाडी चालवता येत नाही. दोनदा क्लास लावला, दोन्ही वेळा शिकवणाऱ्यानंच मला समजावून घरी पाठवलं. बहीण खराडीला राहते, तिथल्याच एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि रविवारची येते. तेव्हा आईचं घराबाहेर पडणं म्हणजे दर गुरुवारी बाबांच्या शेजारी बसून खडकवासल्याला जाणं. रविवारी नाही, कारण रविवारी तिथं माणसं असतात. दोघं दुपारचा चहा थर्मासमध्ये घेऊन जायचे, पाण्याच्या कडेला गाडी उभी करून गाडीतच बसायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. पाण्यात पाय नाही, कणीस नाही, काही नाही. तिथं बसून काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. "बसतो," आई म्हणाली.

तर तो डाग. आठवड्याभरात तो ताटाएवढा झाला आणि सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'ज्यांच्या वाहनातून तेल गळते त्यांनी ते कृपया आपापल्या घरी गळू द्यावे.' बाबांनी खाली पेन्सिलीनं लिहिलं: 'वाहन घरी नेण्यासाठी लिफ्ट मोठी करावी.' असा पत्रव्यवहार दोनचार दिवस चालला. स्कूटरवाले मात्र एक दिवस आपली स्कूटर घेऊन गावाला गेले, आणि डाग वाढतच राहिला. आता दुसरा आरोपी उरला नाही.

मग बाबांनी तपास हाती घेतला. रोज संध्याकाळी ते गाडीखाली जुना पेपर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार विटांचे तुकडे ठेवायचे आणि सकाळी दूध आणायच्या आधी तो पेपर वर घेऊन यायचे. चष्मा लावून त्यावरचे ठिपके बघायचे. लालसर असेल तर गिअरचं, पाणी असेल तर एसीचं, काळपट असेल तर इंजिनचं, असं त्यांनी आम्हाला चहाच्या वेळी सांगितलं. ठिपके काळपट होते. पण ते पेपरभर होते. पुढं होते, मागं होते, संपादकीयावर होते आणि छोट्या जाहिरातींवरही होते. "वाऱ्यानं उडतं," बाबा म्हणाले. बेसमेंटमध्ये वारा कुठून येतो, हे मी विचारलं नाही.

रविवारी बहीण आली. ती आधी व्हिडिओ बघून मग माणसांशी बोलते. तिनं बॉनेट उघडून डिपस्टिक काढली, म्हणजे तेल किती आहे ते दाखवणारी ती लांब पट्टी, आणि नाक मुरडलं. वर घरात आल्याआल्या तिनं सुरू केलं. "बाबा, लेव्हल खाली आहे. हे रिस्की आहे. धरणाच्या रस्त्यावर इंजिन सीझ झालं तर आईला घेऊन काय करणार तुम्ही?"

"चहा पिणार," बाबा म्हणाले. "थर्मास असतो."

"मी मस्करी करत नाहीये. लीक सापडत नसेल तर दिवाळीच्या आत गाडी विकायची. मी दर रविवारी येऊन चेक करणार. आणि आईला कुठं जायचं असेल तर मी कॅब बुक करून देईन."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोळीवर तूप लावता लावता तिनं तेवढं ऐकून घेतलं आणि आत गेली.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी गाडी नाना पेठेत मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींचं तिथलं गॅरेज त्यांच्या आजोबांपासूनचं. बाबांच्या पहिल्या स्कूटरपासून आमची सगळी वाहनं त्यांच्याच हाताखालून गेली. दोघांचं वय जवळपास सारखं आणि स्वभावही सारखाच. दोघांनाही आपलं चुकतं हे मान्य नाही. पण त्यांच्यात एक जुना करार आहे. इंजिनचं सगळं मिस्त्री बघतात, तेलाचं मात्र बाबा स्वतः बघतात. ते दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नाहीत. नोकरीत असताना कुठल्याशा गॅरेजवाल्यानं त्यांना तेल न बदलताच बदललं म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून डबा स्वतः आणायचा, स्वतः ओतायचा. मिस्त्रींनी या गोष्टीचा मान ठेवला आणि आमच्या गाडीची डिपस्टिक कधी बाहेर काढली नाही. साहेबांना वाईट वाटेल, म्हणे.

मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि निकाल दिला. "टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय साहेब. वरून खाली ओघळतंय."

इंजिनच्या वरच्या झाकणाचं ते पॅकिंग बदललं. गाडी धुऊनपुसून आली. दोन दिवस पेपर कोरा निघाला आणि बाबांनी तो सोसायटीच्या सेक्रेटरींना मुद्दाम नेऊन दाखवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके. मग ऑइल फिल्टरचं रबर बदललं. पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार चालला होता, पण दोघांपैकी कुणीही तसं म्हणायला तयार नव्हतं. बाबा म्हणायचे, मिस्त्रींचा हात बसलेला आहे. मिस्त्री म्हणायचे, साहेबांची गाडी मेंटेन आहे. एवढ्या कौतुकात तेल मात्र गळतच राहिलं.

शेवटी मिस्त्रींनी त्यांचा खास उपाय काढला. इंजिन खालून रॉकेलनं स्वच्छ धुवायचं, कोरडं करायचं, त्यावर अंगाला लावायची पावडर फवारायची आणि एक फेरी मारून यायचं. जिथून गळत असेल तिथं पावडर ओली होते आणि चोर सापडतो. पावडर घरून आणा, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी आईच्या कपाटातला डबा उचलला.

"अहो, ती चंदनाची आहे," आई म्हणाली.

"मग काय झालं? इंजिनला वास कळत नाही."

"मला कळतो. अर्धी तरी ठेवा."

गाडी स्वारगेटपर्यंत जाऊन आली. बॉनेट उघडलं तर गॅरेजभर चंदनाचा आणि जळक्या तेलाचा मिळून एक वास सुटला. असा वास मी पूर्वी कुठं घेतला नव्हता आणि पुन्हा घ्यायची इच्छा नाही. मिस्त्री टॉर्च घेऊन खाली शिरले. बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. वरच्या पाइपातून ओलं, पुढच्या सीलपाशी ओलं, खालच्या चेंबरच्या कडेनंही ओलं. एक चोर नव्हता, अख्खी टोळी होती.

"साहेब, सगळीकडून येतंय," ते म्हणाले. "इंजिन उतरवून सगळीच सीलं बघावी लागतील. वय झालं गाडीचं."

हे शेवटचं वाक्य बाबांना गाडीबद्दल वाटलं नाही, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. घरी येताना ते एक अक्षर बोलले नाहीत. अर्थात घरी ते एरवीही बोलत नाहीत. सकाळचं 'हं', जेवतानाचं 'मीठ', आणि बातम्या लागल्या की टीव्हीला उद्देशून काही शेलके शब्द, एवढ्यात त्यांचा दिवस निघतो. आई विचारते, ते मान हलवतात. मी घरूनच काम करतो, प्रुफं तपासतो, त्यामुळे हा शब्दांचा दुष्काळ मला रोजचाच आहे. माणसाचा स्वभाव, असं म्हणून मी त्याकडे बघायचं सोडून दिलं होतं.

बहिणीला मीच फोन केला. ती म्हणाली, "बघ, मी म्हणत होते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "उतरवायच्या दिवशी मी हाफ डे घेऊन येते. मला स्वतः बघायचंय. नसेल होण्यासारखं तर तिथंच ठरवून टाकू, दादा. बाबांना उगाच लोंबकळत ठेवायला नको." ती कठोर आहे असं सगळे म्हणतात. तिचा आवाज तेव्हा मला तसा वाटला नाही.

तो दिवस नेमका गुरुवार निघाला. आई म्हणाली, मी पण येणार. गॅरेजात येऊन काय करणार, असं बाबांनी विचारलं. "गुरुवार आहे," ती म्हणाली, आणि थर्मास भरायला घेतला. तर आम्ही चौघं नाना पेठेत. आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, बहीण फोनवरची मीटिंग ऐकत उभी राहिली, बाबा हात मागं बांधून, एखाद्याचं ऑपरेशन असावं तसे येरझारा घालत होते.

इंजिन उतरवायच्या आधी तेल काढावं लागतं. मिस्त्रींनी खाली पत्र्याचं घमेलं सरकवलं आणि नट सोडला. काळी धार पडायला लागली. घमेलं निम्मं भरलं. मग पाऊण भरलं. मग काठोकाठ आलं आणि धार अजून जोरातच होती. मिस्त्रींनी घाईनं एक बादली ओढून लावली. बादलीतही बरंच पडलं. बहिणीनं कानातला इअरफोन काढून ठेवला.

"साहेब," मिस्त्री खालूनच म्हणाले, "ही गाडी आहे का टँकर?"

ते बाहेर आले, हात पुसले आणि पहिल्यांदाच तो जुना करार मोडून विचारलं, "तेल कधी टाकता? किती टाकता?"

"दर रविवारी. सकाळी. डिपस्टिक बघून टाकतो, अंदाजानं नाही," बाबा म्हणाले. "खाली असते म्हणूनच टाकतो."

"गाडी कुठं असते तेव्हा? सपाटीवर?"

बाबांच्या आधी मीच म्हणालो, "रॅम्पवर. नाक वर."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. गाडी तिरकी असली की आतलं तेल एका बाजूला जातं आणि पट्टी कोरडी दिसते. तेल कमी नसतंच. ते कमी आहे समजून आपण वरून ओततो. मग आत जागा उरत नाही, आणि इंजिन जिथून फट मिळेल तिथून ते बाहेर ढकलतं. गळतंय असं दिसलं की माणूस आणखी ओततो. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथं अंगण खरोखरच वाकडं होतं. "पण मीच बघायला पाहिजे होतं," मिस्त्री म्हणाले. "साहेबांना काय वाटेल म्हणून बघितलं नाही. माझीच चूक."

बाबा मात्र घमेल्याकडे बघत होते. मग बादलीकडे. त्यांचा हिशेब जुळत नव्हता, आणि चूक कबूल करायची तर ती निदान स्वतःच्या मापाची असावी, असं त्यांना वाटत असणार. "मी एवढं टाकलेलं नाही," ते म्हणाले.

"मग काय गाडीनं बाहेर जाऊन प्यायलं?" बहीण म्हणाली.

"मी एवढं टाकलेलं नाही. तिरकी असो नाहीतर सरळ."

"थोडं मी पण टाकलं," आई म्हणाली.

आमटीत मीठ मीही घातलं होतं बरं का, असं सांगावं त्या सुरात. आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. ती थर्मासचं झाकण घट्ट करत होती.

ती शनिवारी दुपारी खाली जायची. बाबा झोपलेले, मी प्रुफांत. लिफ्टनं एकटी खाली, तेलाचा आपला वेगळा डबा पिशवीत घालून. इतकी वर्षं बाबा डिपस्टिक काढायचे तेव्हा फडकं धरून उभी हीच असायची, त्यामुळे काय उघडायचं आणि कुठं ओतायचं ते तिला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी लेक येऊन पट्टी बघणार, ती कोरडी दिसली की गाडी जाणार, एवढंच तिच्या डोक्यात. शनिवारी तिचं, रविवारी सकाळी बाबांचं. दोघंही एकमेकांच्या नकळत गाडी वाचवत होते, आणि दोघांनी मिळून ती बुडवायला आणली होती. अति तिथं माती म्हणतात, ते हेच.

"नरसाळं कुठलं घेतलंस?" बाबांनी विचारलं. एवढं सगळं ऐकून त्यांना पडलेला पहिला प्रश्न हा होता.

"वेगळं आणलं. कामाच्या बाईंना सांगून तुळशीबागेतून मागवलं. आपल्या गोडेतेलाचं कशाला घेईन?"

बहीण तिच्यापाशी जाऊन उकिडवी बसली. "आई, पण का? मी कॅब देणार होते ना तुला. एसी कॅब. म्हणशील तिथं."

"कॅबमध्ये ड्रायव्हर असतो," आई म्हणाली.

"असू दे की."

"मग हे बोलत नाहीत." तिनं बाबांकडे बघितलंही नाही. "घरात हे बोलतात का कधी? तुम्हीच सांगा. दादा असतो, टीव्ही असतो, पेपर असतो. मी काही विचारलं की मान हलते. गाडीत दोघंच असलो की बोलतात. पाण्याकडे तोंड करून बसलं की यांना बोलता येतं. लहानपणचं सांगतात. ऑफिसात कोण कसं वागलं ते सांगतात. मागच्या महिन्यात गाणं म्हणाले."

"गुणगुणलो," बाबा म्हणाले.

"दोन्ही कडवी म्हणाले." मग आमच्याकडे वळून तिनं शांतपणे सांगितलं, "मला आठवड्यात तेवढंच मिळतं. गाडी गेली असती तर तेही गेलं असतं. म्हणून टाकलं तेल."

मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी बाबा दोन कडवी म्हणू शकतात याचं नवलही वाटलं. मिस्त्रींनी उगाचच बादली उचलून पलीकडे नेऊन ठेवली. बाबा गाडीच्या उघड्या बॉनेटमध्ये बघत राहिले. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते. मी त्यांना लाजलेलं याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बहीण उठली. डोळे पुसायचे होते म्हणून तिनं आधी चष्मा पुसला. मग खराडीच्या ऑफिसात देत असेल त्या आवाजात हुकूम सोडला. "इंजिन उतरवू नका. खराब झालेली सीलं तेवढी बदला, माप बघून तेल भरा. गाडी राहू दे. पण यापुढं तेलाला तुम्हा दोघांपैकी कुणीही हात लावायचा नाही. मिस्त्री, तुम्ही बघायचं."

"साहेब?" मिस्त्रींनी बाबांकडे पाहिलं.

"हं," बाबा म्हणाले.

गाडी तिथंच ठेवून आम्ही बहिणीच्या मोठ्या गाडीतून घरी आलो. गुरुवार फुकट गेला. थर्मासमधला चहा आईनं सिंकमध्ये ओतला आणि कुकर लावला. बाबांनी टीव्ही लावला. कुठल्याशा पक्षातला कुणीतरी दुसऱ्या पक्षात गेला होता आणि चार माणसं त्यावर एकदम ओरडत होती. मी आतल्या खोलीत प्रुफं काढून बसलो. शिट्ट्या झाल्या, कुकर बंद झाला, आई बाहेर येऊन नेहमीच्या खुर्चीवर लसूण सोलत बसली, हे मला आवाजावरून कळत होतं.

मग टीव्ही बंद झाला. बातम्या अजून संपलेल्या नव्हत्या. मला वाटलं वीज गेली, पण दिवा चालू होता.

"काय म्हणत होतीस?" बाबांचा आवाज आला.

"कधी?"

"मघाशी."

"मघाशी मी काहीच म्हणाले नाही."

लसूण सोलायचा आवाज थांबला.

"मग आता म्हण," बाबा म्हणाले.